दवाखान्यात पारंपरिक ॲक्युपंक्चर: शिकावे कसे, करावे कसे

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही फिजिओथेरपिस्ट आहात, एका रुग्णालयाच्या वेदना विभागात काम करता आणि पारंपरिक ॲक्युपंक्चर नीट शिकायची इच्छा आहे. पण नाडी, जीभ, यिन-यांग, 'ची' (परंपरेने मानलेली, शरीरातून वाहणारी जीवनशक्ती) हे सगळे त्या वातावरणात बसेल का, की सरळ ड्राय नीडलिंगचा (परंपरा बाजूला ठेवून दुखऱ्या स्नायूत सुई टोचण्याचा) छोटा कोर्स करावा, हे ठरत नाही. शेवटी विचारले आहे की 'ची'वर विश्वास बसत नसेल तर शिकण्यात अर्थ आहे का.

अर्थ आहे. वेळ देता येत असेल तर पूर्ण पद्धत शिका, असेच मी सांगेन. परंपरेकडून घेण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तिची तपासण्याची रीत आणि हाताची शिस्त. त्यासाठी 'ची' खरी मानावीच लागते असे नाही, पण त्या विचाराकडे गांभीर्याने पाहावे लागते. मात्र रुग्णाला नेमके काय झाले आहे, इथे सुई टोचणे सुरक्षित आहे का आणि त्याला कितपत आशा दाखवायची, हे तिन्ही निर्णय आजच्या वैद्यकाच्या कसोटीवरच घ्यायचे. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की दोन्हीकडचे नुकसान होते. पुढचे सगळे याच मुद्द्याभोवती आहे.

आधी 'पारंपरिक' म्हणजे काय ते पाहू, कारण शिकायला येणारे बहुतेक जण ती एकसंध, कधीही न बदललेली विद्या समजून येतात. चीनमधल्या मावांगदुई इथे १९७३ मध्ये उघडलेल्या थडग्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे मजकूर सापडले. ते थडगे इसवीसनपूर्व १६८ मधले. त्या मजकुरांत शरीरातले मार्ग (मेरिडियन) आजच्या बाराऐवजी अकरा आहेत, आणि त्या मार्गांवर उपचार सांगितला आहे तो शेक देण्याचा, सुईचा नव्हे. तिसऱ्या शतकात हुआंगफू मी याने रचलेल्या ग्रंथात सुई टोचण्याचे ३४९ बिंदू आहेत. अकराव्या शतकात वांग वेइयी याच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांच्या सरावासाठी बिंदू दाखवणारे ब्राँझचे पुतळे ओतले गेले. १८२२ मध्ये चीनच्या राजवैद्यकीय संस्थेतून ॲक्युपंक्चर काढूनच टाकले होते. आज बहुतेक अभ्यासक्रमांत जे शिकवतात त्याची घडी १९५० च्या दशकात सरकारी महाविद्यालयांसाठी बसवली गेली. जपानमध्ये वेगळी वाट रुळली: अगदी बारीक सुया, उथळ टोचणी आणि पोट चाचपून निदान. तेव्हा परंपरा स्वतः सतत बदलत, दुरुस्त होत आली आहे. ती आजच्या दवाखान्यात आणताना आपण काही पाप करत नाही.

आता तपासणी. मार्गांचा नकाशा हा शरीररचनेचा नकाशा नाही. शवविच्छेदनात मेरिडियन सापडत नाही. पण तपासायची दिशा म्हणून तो फार उपयोगी पडतो. डोकेदुखीचा रुग्ण समोर बसला की पारंपरिक पद्धतीने शिकलेली व्यक्ती 'कुठे दुखते' एवढ्यावर थांबत नाही. कपाळावर दुखते तर यांगमिंग मार्ग, कानशिलावर तर शाओयांग, मानेच्या वर मागे तर तायांग. आणि मग त्या त्या मार्गाने हात फिरवत मान, खांदा, पुढचा हात, पाय असे चाचपत जायचे. कुठे दाबल्यावर दुखते, कुठे गाठ लागते, कुठे त्वचा थंड किंवा ओलसर वाटते, कुठे स्नायू सैल पडला आहे, हे सारे बोटांना कळायला लागते. खांदेदुखीत हात पुढे नेताना दुखते, बाजूला उचलताना दुखते की पाठीमागे नेताना, यावरून मार्ग बदलतो आणि सुया कुठे टोचायच्या तेही बदलते. तुम्ही फिजिओथेरपिस्ट आहात, तुम्हाला यात ओळखीचे बरेच काही दिसेल. फरक इतकाच की ही पद्धत दुखऱ्या जागेपासून खूप लांबचीही तपासणी करायला लावते, आणि त्याच ओघात झोप, भूक, शौच, घाम, पाळी, तहान, थंडी-उष्णता कितपत सोसते, मन कसे आहे, हे सगळे विचारायला लावते. जुनाट वेदनेच्या रुग्णाला असे सविस्तर कुणी विचारलेलेच नसते. छोट्या कोर्समध्ये हा भाग गळतो. म्हणूनच माझा कल पूर्ण पद्धतीकडे आहे.

नाडी आणि जीभ यांबाबत मी सावध आहे. दोन्ही शिका, रोज बघा, लिहून ठेवा. जीभ पाहायला अर्धे मिनिटही लागत नाही. रंग, कडांवरचे दातांचे ठसे, थर, कोरडेपणा हे किमान रुग्णाच्या सर्वसाधारण स्थितीबद्दल काही तरी सांगतात, आणि कधी लोहाची कमतरता किंवा बुरशीचा संसर्ग तिथेच लक्षात येतो. नाडीवर तीन बोटे ठेवून शांतपणे थांबल्याने रुग्णही स्थिरावतो. पण एकाच रुग्णाला अनेक जाणत्या उपचारकांनी स्वतंत्रपणे तपासले, तर त्यांच्या पारंपरिक निदानात एकमत बरेच कमी आढळते. असे अभ्यास झालेले आहेत आणि प्रत्येक विद्यार्थ्याने ते वाचले पाहिजेत. म्हणून नाडीच्या एकट्या पुराव्यावर कोणतेही मोठे विधान करू नका. 'तुमचे मूत्रपिंड कमजोर आहे', 'यकृतात अडथळा आहे' अशी वाक्ये रुग्णासमोर तर कधीच नकोत. रुग्ण घरी जाऊन खऱ्या मूत्रपिंडाच्या काळजीने झोप घालवतो, किंवा उलट, खऱ्या आजाराच्या तपासण्या टाळतो. पारंपरिक निदान तुमच्या नोंदीत, बिंदू निवडण्यासाठी असू द्या.

हाताच्या कामावर मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगते. सुरुवात बिंदू शोधण्यापासून. अंतर मोजायचे ते रुग्णाच्याच शरीराच्या मापाने, त्सुनने: त्याच्या अंगठ्याची सांध्यापाशी असलेली रुंदी १ त्सुन, जोडलेली चार बोटे ३ त्सुन, मनगटाच्या घडीपासून कोपराच्या घडीपर्यंत १२ त्सुन. त्यामुळे ठेंगण्या आणि उंच माणसातही बिंदू त्याच जागी येतो. पण माप फक्त परिसर दाखवते. नेमकी जागा बोटाने शोधायची असते. एसटी ३६ (पोटाच्या मार्गावरचा छत्तिसावा बिंदू) घ्या: गुडघ्याच्या बाहेरच्या खळग्याखाली ३ त्सुन, नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर. तिथे टिबिअॅलिस अँटेरियर या स्नायूत बोट वर-खाली सरकवा. एका जागी हलका खोलगटपणा आणि दुखरेपणा लागेल, सुई तिथे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ३६१ बिंदूंच्या जागा प्रमाणित करून प्रसिद्ध केल्या. त्यांतही ६ बिंदूंबाबत तज्ज्ञांचे एकमत झाले नाही आणि दोन-दोन पर्याय नोंदवावे लागले. पुस्तकातल्या ठिपक्यापेक्षा बोटाला महत्त्व का द्यायचे, ते यातून कळावे.

मग टोचणे. आधी घट्ट घडी केलेल्या कागदाच्या किंवा कापसाच्या गादीवर, मग स्वतःच्या पायावर, मग सहाध्यायांवर, आणि बऱ्याच काळानंतर, देखरेखीखाली, रुग्णावर. आज वापरतो ती मार्गदर्शक नळी सतराव्या शतकातल्या जपानी सुगियामा वाइची यांच्या परंपरेतून आली. ते अंध होते, आणि त्यांच्यामुळे तिथे अंध उपचारकांची मोठी शाळा उभी राहिली. नळीमुळे त्वचेतून सुई जाताना जवळजवळ दुखत नाही. तरी नळीशिवाय, मोकळ्या हातानेही टोचता आले पाहिजे, कारण तेव्हाच टोचणाऱ्या हाताइतकाच दुसरा हात महत्त्वाचा आहे हे उमजते. त्वचा ताणणारा, स्नायू धरून ठेवणारा, खाली काय आहे ते सांगणारा हात तोच. बहुतेक जागांसाठी ०.२५ मिलिमीटर जाडीची, २५ ते ४० मिलिमीटर लांबीची सुई पुरते. जाड सुईने जास्त गुण येतो असे समजू नका.

सुई योग्य खोलीवर गेली की रुग्णाला जडपणा, बधिरपणा, पसरणारी ठणक जाणवते, आणि तुमच्या बोटांना सुई कुणीतरी हलकेच ओढून धरल्यासारखी वाटते. याला दे-ची म्हणतात. दुसऱ्या अनुभवामागे किमान एक साधे कारण सापडले आहे: सुई फिरवली की त्वचेखालची संयोजी ऊती तिच्याभोवती गुंडाळली जाते. हेलन लँजेव्हिन यांच्या गटाने ते प्रयोगातून दाखवले. विजेचा झटका बसल्यासारखी तीक्ष्ण कळ मात्र दे-ची नव्हे. ती नस आहे, सुई लगेच थोडी मागे घ्यायची. पीसी ६ या मनगटाजवळच्या बिंदूवर हे अनेकदा घडते, कारण मनगटावरच्या दोन कंडरांच्या मधोमध, अगदी खाली, मीडियन नर्व्ह जाते. शिवाय काही लोकांत त्या दोनपैकी एक कंडरा, पामारिस लाँगस, नसतेच, म्हणून खूण डोळ्यांनी गृहीत न धरता बोटाने पडताळा. दे-ची येण्यासाठी रुग्णाला छळायचे नाही हेही सांगून ठेवते. अशक्त, घाबरलेल्या, मज्जासंस्थाच वेदनेला अतिसंवेदनशील झालेल्या रुग्णांत उथळ आणि कमी सुयाच चांगल्या.

सुरक्षिततेबद्दल मी कुणालाही सवलत देत नाही. नीट शिकलेल्या हातांत ही पद्धत बरीच सुरक्षित आहे. जर्मनीत २,२९,२३० रुग्णांच्या पाहणीत सुमारे ८.६ टक्क्यांनी काही ना काही त्रास नोंदवला. त्यात बहुतेक थोडा रक्तस्राव, काळे-निळे डाग, टोचल्या जागी दुखणे. पण त्याच पाहणीत दोघांना न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर हवा साचून ते आकसणे) झाला होता. खांद्यावरचा जीबी २१ हा बिंदू फुफ्फुसाच्या शिखराच्या वर येतो. तिथे सरळ खाली खोल सुई कधीही नको. ट्रॅपिझियस स्नायू चिमटीत उचलून धरायचा आणि सुई स्नायूतून आडवी न्यायची. पाठीवर, बरगड्यांच्या मध्येही हाच नियम, आणि सडपातळ किंवा फुफ्फुसाचा जुना आजार असलेल्या रुग्णात दुप्पट काळजी. छातीत दुखणे, कोरडा खोकला, धाप ही लक्षणे काही तासांनीही सुरू होऊ शकतात, म्हणून रुग्णाला घरी पाठवताना ते सांगूनच पाठवायचे. छातीच्या मधल्या हाडावर आरएन १७ हा बिंदू आहे. काही लोकांच्या त्या हाडाला जन्मतःच छिद्र असते, बाहेरून कळत नाही. सरळ टोचलेली सुई त्यातून हृदयाच्या आवरणापर्यंत गेल्याने मृत्यू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. तिथे सुई फक्त त्वचेखाली, आडवी.

बाकीचे पटकन सांगते. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या. पुन्हा वापरलेल्या सुयांतून हिपॅटायटिस बी पसरल्याच्या घटना घडलेल्या आहेत. पहिल्या वेळी रुग्ण नेहमी झोपलेला असावा, कारण बसल्या जागी भोवळ येते. लावलेल्या आणि काढलेल्या सुया मोजायच्या, तो आकडा कागदावर लिहायचा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर खोल टोचणी आणि कपिंग (त्वचेवर पेले लावून ओढ देणे) टाळायचे. लिम्फोडीमा (लसीका साचून आलेली सूज) असलेल्या हातापायात सुई नको. गरोदरपणात एलआय ४ (अंगठा आणि तर्जनीमधला), एसपी ६ (घोट्याच्या वर आतल्या बाजूचा) आणि कमरेच्या खालच्या भागावरचे बिंदू परंपरेने वर्ज्य आहेत, ते पाळा. पेसमेकर असेल तर इलेक्ट्रोॲक्युपंक्चर (सुयांतून वीजप्रवाह देणे) नको, आणि कुणातही प्रवाह छातीच्या आरपार जाईल अशी जोडणी नको. हृदयाच्या झडपेचा आजार असेल तर कानात ठेवून देतात त्या छोट्या सुया नकोत.

आणि सुई हातात घेण्याआधी धोक्याच्या खुणा. कंबरदुखीबरोबर लघवी अडली, बैठकीच्या जागेचा बधिरपणा आला तर त्याच तासाला शस्त्रक्रिया विभागाकडे. अचानक उठलेली, आयुष्यातली सर्वांत तीव्र डोकेदुखी, कारण नसताना घटलेले वजन, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, ताप: यांत आधी निदान. ॲक्युपंक्चरने वेदना कमी होते, आणि म्हणूनच ती कमी करण्याआधी कशाची आहे हे माहीत असले पाहिजे. रुग्णालयात काम करण्याचा खरा फायदा इथे आहे: रक्त तपासणी, एमआरआय, शेजारच्या खोलीतले सहकारी. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्यांना हेवा वाटावा अशी ही सोय आहे, ती वापरा.

कितपत आशा दाखवायची ते पुराव्यावर ठरते, आणि तो पुरावा दोन्ही बाजूंच्या अतिउत्साही लोकांना अडचणीचा आहे. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी गुण आलेले रुग्ण: पारंपरिक ॲक्युपंक्चरच्या गटात ४७.६ टक्के, बिंदू सोडून उथळ टोचलेल्या गटात ४४.२ टक्के, प्रचलित उपचारांच्या गटात २७.४ टक्के. सुया घेतलेल्या दोन्ही गटांना नेहमीच्या उपचारांपेक्षा बरेच बरे वाटले, पण 'खऱ्या' आणि 'खोट्या' बिंदूंतला फरक नगण्य राहिला. पुढे ३९ चाचण्यांतल्या २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये जे विश्लेषण आले, त्यात खोट्या सुयांपेक्षा खऱ्या सुया सरस ठरल्या, तरी तो फरक लहानच. मी यातून असे समजते की जुनाट वेदनेत या उपचाराचा उपयोग खरा आहे, आणि त्यातला मोठा वाटा टोचण्याच्या क्रियेचा, लक्ष देऊन तपासण्याचा, शांत पडून राहण्याचा आहे. नेमक्या बिंदूचा वाटा त्याहून कमी. उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने मायग्रेन आणि ताणाच्या डोकेदुखीसाठी २०१२ मध्ये, आणि प्राथमिक जुनाट वेदनेसाठी (जिचा दुसऱ्या आजाराने उलगडा होत नाही) २०२१ मध्ये ॲक्युपंक्चरचा विचार करावा असे म्हटले. कंबरदुखीसाठी २०१६ मध्ये आणि ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी (सांध्यांची झीज) २०२२ मध्ये देऊ नये असे म्हटले. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर पीसी ६ चा आधार बऱ्यापैकी भक्कम आहे. वंध्यत्व, लकवा, मधुमेह यांच्या जाहिरातींसारखे दावे तुमच्या तोंडून येता कामा नयेत.

'पण हे काम कसे करते' हे सहकारी डॉक्टर विचारतीलच. तयारी ठेवा. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी मज्जारज्जूतल्या, वेदनेचे संदेश अडवणाऱ्या किंवा पुढे सोडणाऱ्या 'गेट'ची कल्पना मांडली. १९७७ मध्ये मेयर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की नॅलॉक्झोन (ओपिऑइड, म्हणजे अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखणारे औषध) दिले तर सुईने आलेली वेदनाशमनाची स्थिती मागे फिरते, म्हणजे शरीरातली ओपिऑइड द्रव्ये यात सामील आहेत. इलेक्ट्रोॲक्युपंक्चरमध्ये २ हर्ट्झ आणि १०० हर्ट्झ यांनी वेगवेगळी द्रव्ये सुटतात, म्हणून यंत्रावर दोन्ही आलटून-पालटून देण्याची सोय असते. २०२१ मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात एसटी ३६ च्या भागात दिलेल्या मंद प्रवाहाने मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नसेमार्फत दाह कमी झाला, आणि पोटावर तसाच प्रवाह दिल्यावर झाला नाही. पायातल्या खोल ऊतीत विशिष्ट प्रकारचे चेतातंतू होते, पोटावर ते नव्हते. 'जागा महत्त्वाची असते' या जुन्या म्हणण्याला आधार देणारा हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. पण यामुळे 'ची' सिद्ध झाली असे मात्र सहकाऱ्यांना सांगू नका.

रोजच्या कामाची घडी. पहिल्या भेटीला पाऊण तास मिळालाच पाहिजे, त्यासाठी विभागप्रमुखांशी भांडा. पुढच्या भेटींत सुया २० ते ३० मिनिटे ठेवायच्या असतात, तेवढ्या वेळात दुसऱ्या खाटेवरचा रुग्ण बघता येतो, पण प्रत्येक रुग्णाच्या हाताशी घंटी हवी आणि खोलीत कुणी तरी ये-जा करणारे हवे. बंद वातानुकूलित इमारतीत मोक्सा (शेक देण्यासाठी जाळायची वाळलेली वनस्पती) जाळता येत नाही. धूर, दम्याचे रुग्ण, आगीचा भोंगा. धूर नसलेला मोक्सा किंवा उष्णतेचा दिवा वापरा. गरम केलेल्या कोणत्याही वस्तूजवळून, विशेषतः मधुमेही रुग्णाच्या बधिर पायाजवळून, हलू नका. केसपेपरवर रोगाचे नाव, वेदनेचा अंक, हालचालींची मापे, संमती, बिंदूंची प्रमाणित संक्षिप्त नावे, खोली, वेळ आणि प्रतिसाद आजच्या भाषेत लिहा. पारंपरिक निदान त्याखाली एका वेगळ्या ओळीत. उद्या तुमच्या जागी आलेल्या अनोळखी सहकाऱ्याला तो कागद वाचून उपचार पुढे नेता आला पाहिजे.

कोर्स कसा निवडायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनात वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्यांसाठी पूर्ण प्रशिक्षण २,५०० तासांचे, आणि आपल्या कामापुरते तंत्र शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी किमान २०० तासांचे धरले आहे. तुम्ही या दोन्हींच्या मध्ये कुठे तरी बसता. दोन शनिवार-रविवारांत प्रमाणपत्र देणारे वर्ग यातल्या कशातच बसत नाहीत. तुमच्या ठिकाणचा कायदा कुणाला सुई टोचू देतो ते पैसे भरण्याआधी तपासा. शिक्षकांना विचारा की रुग्णांवरचे किती तास त्यांच्या नजरेखाली होतील, आणि कोणत्या रुग्णांना ते स्वतः सुई लावत नाहीत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लांबलचक, नेमके आले तर तिथे शिका.

शेवटचा तुमचा उपप्रश्न, किती बैठकांनंतर थांबायचे. जुनाट वेदनेत आठवड्याला एक किंवा दोन अशा सहा बैठका ठरवा, आणि पहिल्याच दिवशी रुग्णाबरोबर एक मोजता येईल असे उद्दिष्ट लिहा: मायग्रेनचे महिन्यातले दिवस, न थांबता चालता येणारे अंतर, गोळ्यांची संख्या. चौथ्या भेटीला तो कागद पुन्हा काढा. काहीच हललेले नसेल तर बिंदू आणि टोचण्याची पद्धत एकदा बदलून पाहा. सहाव्यालाही तसेच असेल तर थांबा, आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांना तसे पत्र लिहा. गुण आला असेल तर दहा-बारा बैठकांपर्यंत जा, मधले अंतर वाढवत न्या, आणि या काळात व्यायाम चालू राहतील हे तुम्हीच पाहा. फिजिओथेरपिस्ट असल्याने ते काम तुमच्याइतके चांगले दुसरे कुणी करणार नाही.